रक्ताचा डाग नसलेला नकाशा

२१ जुलै २०२५ला मुंबई उच्च न्यायालयाने २००६च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, मुंबईच्या विशेष न्यायालयाने २००८च्या मालेगाव स्फोटातल्या सातही आरोपींना निर्दोष सोडलं. पहिल्या निकालावर जे भडकले, त्यांतले बरेच जण दुसऱ्या निकालावर खूश होते. उलटंही तितकंच खरं. आपले आरोपी आणि त्यांचे आरोपी अशी वाटणी झाली, आणि त्या गदारोळात एक साधा प्रश्न कोपऱ्यात पडून राहिला. मग बॉम्ब ठेवले कोणी?

११ जुलै २००६च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये पहिल्या वर्गाच्या डब्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. १८०हून जास्त माणसं गेली. नऊ वर्षांनी, २०१५ मध्ये, विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. त्यानंतर आणखी दहा वर्षांनी उच्च न्यायालय म्हणालं की सरकारी पक्षाला काहीच सिद्ध करता आलेलं नाही, बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते हेसुद्धा नाही. बारांपैकी एक जण तोवर तुरुंगातच वारला होता. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेलं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुटलेल्यांना परत आत टाकायची गरज नाही, पण हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरू नका.

दहशतवाद आणि राज्यघटना हा विषय निघाला की आपण हमखास तराजू काढतो. एका पारड्यात सुरक्षा, दुसऱ्यात स्वातंत्र्य. एक वर गेलं की दुसरं खाली. मला हा तराजूच फसवा वाटतो. २००६च्या खटल्यात आरोपींच्या स्वातंत्र्याला कात्री लावली गेली, ती सुरक्षेसाठी असं म्हणून. एकोणीस वर्षांनी हिशेब मांडला तर दोन्ही पारडी रिकामी निघाली. असं का होतं, हे कळायला कायद्याच्या पोटात थोडं शिरावं लागेल. फार खोल नाही.

आधी साध्या खुनाच्या खटल्यात काय होतं ते पाहू. अटक केली की २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, पोलिसांना आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. हा नियम थेट घटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे, आणि पसंतीचा वकील घेण्याचा हक्कही तिथेच. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांची. ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर आरोपी जामिनावर सुटू शकतो. कोर्टात याला ‘डिफॉल्ट जामीन’ म्हणतात. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही. गुन्हा शाबित करायचा तो सरकारने. आरोपीने आपण निर्दोष असल्याचं सिद्ध करत बसायचं नाही.

दहशतवादविरोधी कायदा नवीन काय करतो? बॉम्ब फोडणं, माणसं मारणं, शस्त्रं बाळगणं हे सगळं आधीपासून गुन्हाच आहे, त्यासाठी फाशीची तरतूदही आहे. नवा कायदा मुख्यतः वरच्या नियमांचे एक-दोन खिळे सैल करतो. कोठडी लांबते, जामीन अवघड होतो, एरवी न चालणारा पुरावा चालतो. त्यामुळे असा कायदा वाचताना शिक्षेचं कलम शेवटी वाचावं. खरी गंमत प्रक्रियेच्या कलमांत असते.

आणि आपल्या घटनाकारांनीही एक खिळा स्वतःच सैल ठेवला होता. अनुच्छेद २२ दोन तोंडांचा आहे. पहिली दोन कलमं नागरिकाला संरक्षण देतात; पुढची कलमं सरकारला सांगतात की गुन्हा घडण्याआधीच, नुसत्या संशयावर, एखाद्याला स्थानबद्ध करता येईल, आणि सल्लागार मंडळाला न विचारता तीन महिन्यांपर्यंत ठेवता येईल. त्यामागे एक कहाणी आहे. मसुदा तयार होत असताना घटना सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत जाऊन तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले. त्यानंतर अमेरिकन घटनेतली ‘ड्यू प्रोसेस’ ही संकल्पना, म्हणजे न्यायालयाने कायद्याची न्याय्यताही तपासावी ही कल्पना, आपल्या मसुद्यातून गेली. टीका झाली. तेव्हा सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी नुकसानभरपाई म्हणून आजचा अनुच्छेद २२ आणला. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, तेलंगणात सशस्त्र उठाव चालू होता. त्या काळात बसून लिहिलेला हा अनुच्छेद आहे, हे त्याच्या दोन तोंडांवरून कळतं. आणीबाणीचा अनुभव घेतल्यावर १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने तीन महिन्यांचे दोन केले खरे, पण ते कलम लागू करण्याची अधिसूचना कोणत्याच सरकारने काढली नाही. पक्ष बदलले, सरकारं बदलली, कागद तिथेच.

आता दुसरी बाजू. विशेष कायदा मागणाऱ्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ऐंशीच्या दशकातल्या पंजाबात साक्षीदार कोर्टात यायला तयार नव्हते, आणि त्यांना दोष कोण देणार? कट एका देशात शिजतो, पैसा दुसऱ्यातून येतो, माणूस तिसऱ्याच ठिकाणी पकडला जातो. ९० दिवसांत हे धागे जुळवणं खरोखर अवघड असतं. नव्याने उभ्या राहणाऱ्या देशात आणखी एक अडचण. प्रयोगशाळा कमी, प्रशिक्षित तपास अधिकारी कमी, साक्षीदाराला संरक्षण देणारी यंत्रणा जवळजवळ नाही. ही क्षमता उभी करायला पैसा आणि दहा-पंधरा वर्षं लागतात. वटहुकूम काढायला एक रात्र पुरते. मोठा हल्ला झाल्यावर लोकांना लगेच काहीतरी केलेलं दिसायला हवं असतं, त्यामुळे सरकार कोणतंही असो, हात आधी कायद्याकडेच जातो. मे १९८५ मध्ये दिल्लीत ट्रान्झिस्टरमध्ये दडवलेले बॉम्ब फुटले आणि त्याच महिन्यात टाडा हा खास दहशतवादविरोधी कायदा आला.

टाडाला एक गोष्ट मात्र चांगली होती: दोन वर्षांची मुदत. संसदेला पुन्हा पुन्हा विचारावं लागे. बेसुमार गैरवापर झाल्यावर १९९५ मध्ये तो मुदत संपून मेला. आजच्या कायद्याला, म्हणजे यूएपीएला, अशी मुदत नाही.

टाडाने सैल केलेला सगळ्यात महत्त्वाचा खिळा होता कबुलीजबाबाचा. पोलिसांपुढची कबुली चालत नाही हा नियम १८७२च्या पुरावा कायद्यातला, म्हणजे इंग्रजांचा. ज्या सरकारला हिंदी माणसाच्या हक्कांची फारशी फिकीर नव्हती, त्यालासुद्धा आपल्याच ठाण्यांत काय चालतं ते ठाऊक होतं. स्वतंत्र भारताने ११५ वर्षांनी, १९८७च्या टाडात, ही अट शिथिल केली. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली ग्राह्य धरली जाऊ लागली. १९९४ मध्ये कर्तारसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे हा मुद्दा आला आणि तीन विरुद्ध दोन अशा निसटत्या बहुमताने कलम टिकलं. वरिष्ठ अधिकारी खोटं लिहून घेणार नाही, हा त्यामागचा भरवसा.

त्या भरवशाचं काय झालं? राजीव गांधींच्या हत्येनंतर, जून १९९१ मध्ये, पेरारिवालन या १९ वर्षांच्या मुलाला अटक झाली. आरोप असा, की बॉम्बसाठी वापरलेल्या नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या त्याने आणून दिल्या. बॅटरी आणली, हे कबुलीत आलं. पण बॅटरी कशासाठी हवी आहे हे मला माहीत नव्हतं, असंही तो म्हणाला होता. ते वाक्य आपण लिहिलंच नाही, असं ती कबुली नोंदवणाऱ्या सीबीआयच्या अधिकाऱ्याने निवृत्तीनंतर, हत्येला वीसहून अधिक वर्षं उलटल्यावर, जाहीरपणे सांगितलं आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्रावरही दिलं. एक वाक्य. बॅटरी आणून देणारा पोरगा आणि कटातला भागीदार यांच्यात तेवढंच अंतर होतं. पेरारिवालनला फाशी सुनावली गेली, २०१४ मध्ये तिची जन्मठेप झाली आणि मे २०२२ मध्ये, ३१ वर्षांनी, तो सुटला. याच खटल्यात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की ही हत्या टाडाच्या व्याख्येतलं दहशतवादी कृत्य नाही. तरीही टाडाखाली घेतलेल्या कबुल्या पुराव्यात राहिल्या. कारण खटला त्या कायद्याखाली चालला होता.

२००६च्या लोकल स्फोटांत कायदा वेगळा, महाराष्ट्राचा मोक्का, संघटित गुन्हेगारीविरुद्धचा, १९९९चा. पण कबुलीचं कलम तसंच. उच्च न्यायालयाने त्या कबुल्या बाजूला ठेवल्या. काही भाग एकमेकांशी शब्दशः जुळत होते. वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या अधिकाऱ्यांपुढे दिलेले जबाब असे जुळत नसतात. छळ झाल्याच्या तक्रारींना वैद्यकीय कागदांचा आधार होता. ओळख परेड घेणाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच उरलेला नव्हता. टॅक्सीवाल्यांनी आरोपींचे चेहरे आठवले ते स्फोटानंतर शंभरहून अधिक दिवसांनी.

मला सांगायचं आहे ते इथेच. तपास अधिकारी हाही माणूस आहे. डोक्यावर दडपण, टीव्हीवर बातम्या, वरून फोनवर फोन. कायदा म्हणाला की कबुली पुरेल, तर तो कबुलीपाशी थांबतो. टायमरचा तुकडा, फोनच्या नोंदी, स्फोटकं कुठून आली याचा माग, या सगळ्याला वेळ लागतो आणि फळाची खात्री नाही. घटनेने आणि जुन्या पुरावा कायद्याने घातलेली बंधनं आरोपीच्या सोयीसाठी आहेत असं आपण समजतो. प्रत्यक्षात ती तपास अधिकाऱ्याला खुर्चीतून उठवून बाहेर पाठवतात. ती काढली की चुकीचा माणूस आत जातो, हे एक झालं. खरा माणूस बाहेर राहतो आणि त्याला कोणी शोधतही नाही, कारण कागदावर प्रकरण उलगडलेलं असतं. मुंबई उच्च न्यायालयाने निकालाच्या सुरुवातीलाच ही धोक्याची घंटा वाजवली आहे: गुन्हा उलगडल्याचा देखावा समाजाला खोटा दिलासा देतो आणि धोका मोकळाच फिरत असतो.

टाडानंतर आला पोटा, पुढचा दहशतवादविरोधी कायदा. संसदेवर १३ डिसेंबर २००१ला हल्ला झाला आणि मार्च २००२ मध्ये दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावून तो मंजूर करून घेतला गेला. गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावरच्या हल्ल्याचा खटला याच कायद्याखाली चालला. त्यात तिघांना फाशी झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि तपासावर कडक ताशेरे मारले. तारीख होती १६ मे २०१४. त्याच दिवशी लोकसभेचा निकाल होता, त्यामुळे त्या बातमीकडे कुणाचं लक्ष जाणार?

पोटा २००४ मध्ये रद्द झाला, पण त्यातली दहशतवादाची कलमं बेकायदा कारवायांना आळा घालण्यासाठीच्या १९६७च्या यूएपीए या जुन्या कायद्यात आणून बसवली गेली. पाहुणा गेला, सामान राहिलं. मात्र त्या सामानात कबुलीचं कलम नव्हतं, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. यूएपीएखाली पोलिसांपुढची कबुली आजही चालत नाही. टाडा-पोटाच्या अनुभवातून आपण एवढं शिकलो.

मग यूएपीएवर एवढा वाद का? कारण भार आता जामिनावर गेला आहे. २६/११च्या हल्ल्यानंतर, डिसेंबर २००८ मध्ये, कायद्यात ४३ड हे कलम आलं. आरोपपत्राची मुदत ९० वरून १८० दिवसांपर्यंत वाढवता येते, पोलीस कोठडी १५ ऐवजी ३० दिवसांची होऊ शकते. आणि पोटकलम ५: पोलिसांचे कागद वाचून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला, तर न्यायालयाने जामीन द्यायचाच नाही. एरवी जामिनाच्या वेळी न्यायाधीश पाहतात की हा पळून जाईल का, साक्षीदारांना धमकावेल का. इथे ते प्रश्न दुय्यम होतात. एप्रिल २०१९ मध्ये वटाली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची फार चिकित्सा करायची नाही, सरकारी पक्षाचे कागद आहेत तसे धरायचे. वकिलाने उलटतपासणीत ज्या कागदाच्या चिंध्या केल्या असत्या, तोच कागद उलटतपासणीची वेळ येईपर्यंत माणसाला आत ठेवायला पुरतो. आणि ती वेळ यायला आपल्याकडे वर्षं लागतात.

केंद्र सरकारने राज्यसभेत दिलेला आकडा असा: २०१६ ते २०१९ या काळात यूएपीएखाली ५,९२२ जणांना अटक झाली, १३२ जण दोषी ठरले. अटक झालेले आणि दोषी ठरलेले एकाच तुकडीतले नसतात, खटले मागे-पुढे चालतात, त्यामुळे सरळ भागाकार करून टक्केवारी काढू नये. तरी दोन आकड्यांमधली दरी नजरेआड करता येत नाही. शिक्षा कोर्टाने द्यायची असते. इथे निकाल लागेपर्यंतची कोठडीच शिक्षा होऊन बसते. तपास कच्चा असला तरी चालून जातं, कारण तो तपासला जाण्याची वेळच लवकर येत नाही. कबुलीचं दार बंद झालं, पण आळसाला खिडकी मिळाली.

यावर उतारा न्यायालयांनीच शोधला. १ फेब्रुवारी २०२१ला नजीब प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की कायद्याचं कलम काहीही असो, खटला लवकर संपण्याची चिन्हं नसतील तर जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क देणारा घटनेचा अनुच्छेद २१ जागा होतो आणि उच्च न्यायालय किंवा सर्वोच्च न्यायालय जामीन देऊ शकतं. त्या आरोपीने पाच वर्षं तुरुंगात काढली होती आणि २७६ साक्षीदार अजून तपासायचे होते. चांगला निकाल. पण कोणत्या खंडपीठापुढे प्रकरण जाईल यावर तो लागू होणं-न होणं बरंचसं अवलंबून राहतं. नशिबावर सोडायची ही गोष्ट नव्हे.

जरा लांबचं उदाहरण घेऊ, पेरूचं. तिथे ऐंशीच्या दशकात ‘शायनिंग पाथ’ या माओवादी संघटनेने देश हादरवला होता. राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांनी एप्रिल १९९२ मध्ये संसद बरखास्त केली, न्यायालयांना गुंडाळलं आणि चेहरा झाकलेले न्यायाधीश आणले. आरशाच्या काचेआड बसलेले, आवाज बदलून बोलणारे. पाच महिन्यांनी संघटनेचा म्होरक्या आबिमाएल गुझमान पकडला गेला आणि श्रेय कडक कारभाराला गेलं. प्रत्यक्षात त्याला पकडलं ते पोलिसांच्या एका छोट्या पथकाने. हे पथक १९९०लाच, म्हणजे घटना गुंडाळण्याच्या दोन वर्षं आधी, स्थापन झालं होतं. लिमा शहरातल्या एका घरावर त्यांनी पाळत ठेवली. खाली नृत्याचे वर्ग चालायचे. घरातून बाहेर पडणाऱ्या कचऱ्याच्या पिशव्या ते उपसून पाहत. राहणाऱ्यांच्या मानाने कचरा जास्त होता, गुझमान ओढत असे त्याच सिगारेटची थोटकं त्यात होती, आणि सोरायसिस या त्वचारोगावरच्या मलमाच्या रिकाम्या ट्यूब होत्या. गुझमानला सोरायसिस होता. १२ सप्टेंबर १९९२ला तो वरच्या मजल्यावर जिवंत सापडला. त्यासाठी कुठलंही घटनाबाह्य हत्यार लागलं नव्हतं. कचऱ्याचा वास सहन करणारे चिकाटीचे पोलीस लागले.

काचेआडच्या न्यायाधीशांनी काय दिलं? तुरुंगात पडलेले निरपराध लोक, ज्यांच्यातल्या सुमारे ५०० जणांना पुढे सरकारलाच माफी देऊन सोडावं लागलं. गुझमानचा खटलाही लष्करी न्यायालयात उरकला होता. २००३ मध्ये पेरूच्या घटना न्यायालयाने फुजिमोरींच्या दहशतवादविरोधी फर्मानांमधल्या मुख्य तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि खटला नव्याने चालवावा लागला. २००६ मध्ये साध्या न्यायालयाने, उघड सुनावणी घेऊन, त्याला पुन्हा जन्मठेपच दिली. जे १९९२ मध्ये नीट करता आलं असतं, त्याला चौदा वर्षं लागली.

आपल्याकडे नीट केलेलं काम नाही असं नाही. कसाबचा खटला आठवा. तेव्हा लोक म्हणत होते, खटला कशाला, सगळ्यांनी पाहिलंय. त्याचं वकीलपत्र घ्यायला वकील तयार होईनात, न्यायालयाला वकील नेमून द्यावा लागला. सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना त्याला धरून ठेवलं आणि गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून हा खटला उभा तरी राहू शकला. पुरावा ढीगभर होता: सीएसटीचं सीसीटीव्ही, छायाचित्रकाराने काढलेले फोटो, जखमी साक्षीदार, कुबड्या घेऊन आलेली एक लहान मुलगी. त्याची कबुलीही होती, पण ती दंडाधिकाऱ्यांनी, विचार करायला वेळ देऊन, नोंदवलेली. सर्वोच्च न्यायालयापर्यंत ती टिकली.

त्याच खटल्यात आणखी दोन आरोपी होते, दोघेही भारतीय. त्यांनी हल्ल्याच्या ठिकाणांचे हाताने काढलेले नकाशे पाकिस्तानात पोचवले, असा आरोप. पुरावा म्हणून एक नकाशा सादर झाला: कसाबचा साथीदार अबू इस्माईल चौपाटीवर मारला गेला, त्याच्या पँटच्या खिशात सापडलेला. न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी तो कागद पाहिला. खिसा रक्ताने भिजलेला होता. नकाशावर रक्ताचा डाग नव्हता. समुद्रातून येऊन, स्टेशनात आणि रस्त्यावर गोळ्या झाडत फिरलेल्या माणसाच्या खिशातल्या त्या कागदाला धड सुरकुतीसुद्धा पडलेली नव्हती.

३ मे २०१०ला, आर्थर रोड तुरुंगातल्या त्या विशेष न्यायालयात, टहलियानी यांनी कसाबला दोषी ठरवलं आणि त्याच निकालात त्या दोघांना निर्दोष सोडलं. उच्च न्यायालयाने दोन्ही गोष्टी कायम ठेवल्या. २९ ऑगस्ट २०१२ला सर्वोच्च न्यायालयानेही.